घरचा लेथ आणि थांबण्याची विद्या

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात वरुणा येथे भरलेल्या सदस्य-मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षात एक व्याख्यान द्या, असे मंडळाच्या चिटणीसांनी मला सांगितले तेव्हा मी प्रथम त्यांना माझ्या अपात्रतेची जाणीव करून दिली. मी मराठी साहित्य घेऊन बी. ए. झालेला मनुष्य. पुढची तीसएक वर्षे केंद्र सरकारच्या सेवेत कागदांवर शेरे मारण्यात आणि बदलीचा हुकूम आला की सामान बांधण्यात गेली. साहित्यावर बोलावे, तर माझ्याहून अधिक वाचलेली मंडळी समोर बसलेली. आणि सरकारी कामावर बोलावे, तर ते ऐकायला कोणी थांबणार नाही. चिटणीस म्हणाले, "साहित्य राहू द्या. तुमच्या मागच्या पडवीत जे घरघरतं ना, त्यावर बोला. आपल्यातले तिघेजण तसलं यंत्र घ्यायला निघालेत."

म्हणून आज हा विषय. म्हैसूरहून तिरुमकूडलु नरसीपुराच्या रस्त्याने आपण सर्व इथवर आलात, येताना वरुण्याचे तळे पाहिलेत आणि आता या अंगणात बसला आहात. भाषणानंतर ती पडवीही पाहून घ्या. तिच्यात लाकूड कातण्याचा एक लहानसा लेथ आहे. त्यावर मी लाटणी, पोळपाट, भोवरे, देव्हाऱ्याचे खांब आणि कुंकवाचे करंडे करतो. आपल्यापैकी काही घरांत त्यांतले एखादे पोहोचलेही आहे. मात्र हे यंत्र घरात कसे नांदवावे, हे मी ज्या प्रसंगानंतर शिकलो तो मी आजवर मंडळात कोणाला सांगितलेला नाही. तो आज सांगणार आहे.

आधी थोडे मागे जातो. माझे बालपण सावंतवाडीला गेले. तिथल्या चितारआळीतली लाकडी फळे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असतील. आंबा, केळी, सीताफळ असे एका परडीत मांडलेले असते, आणि लहान मूल हमखास त्यांतले एक तोंडात घालून पाहते. मीही पाहिले होते. शाळेतून येताना एका कारागिराच्या पडवीशी मी तासन्‌तास उभा राहत असे. दोन खुंटांच्या मध्ये लाकूड अडकवलेले, त्याला दोरीचा वेढा. एक मुलगा दोरीची दोन टोके आळीपाळीने ओढी आणि म्हातारा कारागीर जमिनीवर बसून पटाशी धरी. लाकूड एकदा इकडे फिरे, एकदा तिकडे. आपल्याकडे फिरे तेव्हा पटाशी लावायची आणि उलटे फिरे तेव्हा किंचित मागे घ्यायची. इजिप्तमध्ये पेटोसिरिस नावाच्या पुरोहिताची कबर आहे. इसवी सनापूर्वी सुमारे ३०० वर्षांच्या त्या कबरीच्या भिंतीवर नेमके हेच चित्र कोरलेले आहे. एक मनुष्य पट्टा ओढतो आहे आणि दुसरा हत्यार धरून बसला आहे. तेवीसशे वर्षे ही विद्या जवळजवळ त्याच रूपाने चालत आली.

त्या जुन्या लेथमध्ये एक गुण होता, तो मला तेव्हा उमगला नव्हता. पटाशी लाकडात रुतली तर दोरी घसरे, मुलगा "आजोबा, अडकलं!" म्हणे, म्हातारा हसे, आणि काम पुन्हा सुरू होई. यंत्राचा सारा जोर माणसाच्या दंडातला होता. त्या जोराला डोळे होते, कान होते, आणि म्हाताऱ्याची हाक ऐकू येत होती. चूक झाली की यंत्र थांबत असे, कारण यंत्र म्हणजे अर्धा माणूसच होता.

आज घरोघरी येणाऱ्या लहान लेथला साधारण अर्ध्या अश्वशक्तीची मोटर असते. अर्धी अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३७३ वॅट. निरोगी माणूस हाताने दीर्घकाळ काम करू लागला तर ७५ वॅटच्या आसपास जोर देऊ शकतो. याचा अर्थ असा की, पाच माणसे तुमच्या लाकडाची दोरी ओढत आहेत, आणि त्या पाचांपैकी एकालाही डोळे नाहीत, कान नाहीत, तुमची हाक कोणापर्यंत पोहोचत नाही. जुन्या लेथला थांबणे स्वभावतःच येत होते. विजेच्या लेथला ते येत नाही. ते आपण शिकायचे असते, आणि माझ्या आजच्या साऱ्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

आता तो प्रसंग. २०१६ सालचा जून महिना. यंत्र घेऊन मला जेमतेम चार महिने झाले होते, आणि चार महिन्यांत मनुष्याला जितका आत्मविश्वास येऊ नये तितका मला आला होता. आदल्या रविवारी मी लाटणी केली होती. दोन इंच जाडीच्या लाटण्यासाठी यंत्र मिनिटाला २५०० फेऱ्यांवर ठेवले होते, आणि त्या जाडीला तो वेग योग्यच होता. या रविवारी फणसाच्या ओंडक्यापासून एक कटोरा करायचा बेत होता. ओंडक्याची नऊ इंच व्यासाची जाड चकती कापली, यंत्राच्या पाट्यावर स्क्रूंनी आवळली आणि कळ दाबली. पट्टा कालच्याच चाकावर होता, हे मी पाहिले नाही. सालीखाली मध्यापासून निघालेली एक चीर होती, तीही पाहिली नाही.

यंत्र थरथरले, गुरगुरले, आणि तीन-चार सेकंदांत लाकूड फुटले. एक तुकडा माझ्या भुवईला लागला. तिथे पुढे तीन टाके पडले. दुसरा, जवळजवळ अर्धी चकती, माझ्या खांद्यावरून मागे गेला. मागे दारात माझी मुलगी चहाचा कप घेऊन उभी होती. तेव्हा ती महाविद्यालयात शिकत होती. तो तुकडा तिच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला, गिलावा उडाला, आणि भिंतीवरचे कालनिर्णय खाली पडले. तिच्या हातातला कप फुटला. तिला काही झाले नाही. मध्ये अंतर किती होते, हे मी नंतर भिंतीवरच्या खड्ड्यावरून मोजले. ते एक वीत होते.

रक्त थांबले, टाके पडले, रात्र झाली. जेवणे कोणाला गेली नाहीत. घरातले दिवे मालवल्यावर सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "अहो, कचेरीत एका सहीसाठी तुम्ही कागद तीन वेळा वाचता. इथे काय वाचलंत?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी मी यंत्राचा प्लग काढून कपाटात ठेवला. तीन महिने त्यावर चादर होती. विकून टाकावे असेही मनात आले. पण विकत घेणारा मनुष्यही माझ्यासारखाच असणार, या विचाराने हात थांबला.

दसऱ्याच्या सुटीत बंगळूरहून परतताना चन्नपट्टणला उतरलो. या रस्त्याने आपण सारे जातो-येतो, आणि तिथली रंगीत खेळणी घेतल्यावाचून घरी आलो तर मुले घरात घेत नाहीत. ती खेळणी हाले नावाच्या झाडाच्या पांढऱ्या, मऊ लाकडाची असतात. आपण कोकणात त्याला काळा कुडा म्हणतो. लाकूड फिरत असतानाच त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, आणि मग केवड्याच्या सुकलेल्या पानाने घासून तिला झिलई आणतात. एका वृद्ध कारागिराच्या दुकानात मी बसलो. फणसाच्या त्या चकतीचा तुकडा मी पिशवीत घेऊन गेलो होतो. तो दाखवला आणि घडले ते सांगितले. मला वाटले, ते वेग विचारतील किंवा लाकडाची जात विचारतील. त्यांनी दखनीत विचारले ते असे : "लाकूड फुटलं ते राहू द्या, साहेब. तुम्ही कुठे उभे होता?"

मी नेमका फिरत्या लाकडाच्या समोर उभा होतो, आणि माझी मुलगी माझ्या मागे, त्याच रेषेत होती.

ते काम करीत असताना मी पाहत राहिलो. प्रत्येक खेळणे पूर्ण झाले की ते कळ बंद करीत, दोन्ही हात मांडीवर ठेवीत, आणि यंत्र पुरते थांबेपर्यंत तसेच बसून राहत. दिवसाला कितीतरी खेळणी करणारा तो मनुष्य, पण एकदाही त्यांनी फिरत्या लाकडावर हात ठेवून त्याला थांबवले नाही. सावंतवाडीच्या त्या म्हाताऱ्याला जे यंत्राने दिले होते, ते या वृद्धाने स्वतःच्या सवयीत आणून ठेवले होते.

घरी येऊन मी चादर काढली आणि एक कागद लिहिला. तो अजून त्या पडवीत भिंतीवर, खड्ड्याच्या शेजारी, लावलेला आहे. खड्डा मुद्दाम बुजवलेला नाही. त्या कागदावरच्या गोष्टी आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट वेगाची. कातकाम करणाऱ्यांत एक सोपा हिशेब रूढ आहे. लाकडाचा व्यास इंचांत घ्यावा आणि त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावे. उत्तर ६००० ते ९००० च्या दरम्यान यावे. दोन इंचांच्या लाटण्याला ३००० फेरे चालतात. नऊ इंचांच्या चकतीला ६५० ते १०००. लाकूड अजून खडबडीत आणि असमतोल असेल तर खालच्या आकड्याच्याही खाली राहावे. माझी चकती २५०० वर फिरत होती. तिच्या कडेचा वेग ताशी सुमारे १०८ किलोमीटर होता, म्हणजे महामार्गावर धावणाऱ्या मोटारीचा. आणि लाकूड फाडू पाहणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग चौपट झाला तर जोर सोळा पट होतो. ६५० च्या जागी २५०० म्हणजे सुमारे पंधरा पट जोर. ज्या चिरेने एक पट जोर निमूट सोसला असता, ती पंधरा पटींत उकलली. तेव्हापासून माझा नियम असा की, काम संपले की पट्टा सर्वांत सावकाश चाकावर आणून ठेवायचा. पुढच्या रविवारी येणारा मनुष्य आदल्या रविवारचे विसरलेला असतो, आणि तो मनुष्य मीच असतो.

दुसरी गोष्ट लाकूड वाचण्याची. चीर, सैल गाठ, जुना खिळा, सालीखालचा कुजका भाग हे सारे कळ दाबण्यापूर्वी शोधायचे. बोटाने ठोकून पाहावे. सुदृढ लाकूड खणखणते, तडकलेले बद्द वाजते. दोन लाकडे सरसाने जोडली असतील तर एक पूर्ण दिवसरात्र जाऊ द्यावी. जुन्या दाराचा किंवा पलंगाचा तुकडा हाती आला तर मोह होतो, पण त्यात मोडका खिळा असतोच असे धरून चालावे.

तिसरी गोष्ट टेकणाची. ज्या लोखंडी पट्टीवर आपण पटाशी टेकवतो तिला मी टेकण म्हणतो. टेकण आणि लाकूड यांत पाव इंचाहून कमी फट असावी. फट वाढली की पटाशीचे टोक तरफेसारखे खाली ओढले जाते आणि बोट फटीत जाण्याचा धोका राहतो. टेकण बसवल्यावर लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहावे, कोठे घासत नाही ना. यंत्र चालू असताना टेकण कधीही हलवू नये. आणि चक आवळण्याची चावी चकमध्ये राहिलेली नाही, हे डोळ्यांनी पाहून मगच कळेकडे हात न्यावा. ती चावी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. माझ्या चावीला मी लाल दोरा बांधून ती कळेच्या शेजारच्या खिळ्याला टांगतो. खिळा रिकामा दिसला की कळ दाबायची नाही.

चौथी गोष्ट उभे राहण्याची. यंत्र सुरू करताना लाकडाच्या समोर उभे राहू नये. बाजूला, डोक्याकडच्या अंगाला उभे राहून कळ दाबावी, आणि लाकूड स्थिर गतीला येऊन आवाज एकसारखा झाला की मगच समोर यावे. चेहऱ्यावर पूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल हवी. नुसता चष्मा पुरत नाही. माझ्या भुवईवरचे टाके चष्म्याच्या वर इंचभरावर आहेत.

पाचवी गोष्ट वेशाची, आणि इथे मी भगिनींना आणि बंधूंना सारखेच बोलणार आहे. फिरते लाकूड जे काही लोंबते ते गुंडाळून घेते आणि त्यामागोमाग माणसाला ओढते. साडीचा पदर, ओढणी, मोकळी वेणी, मंगळसूत्र, बांगड्या हे एका बाजूला. नेहरू शर्टाची सैल बाही, मफलर, गळ्यातून बाहेर आलेले जानवे, मनगटावरचा देवळातला गंडा, अंगठी, घड्याळ हे दुसऱ्या बाजूला. यांतले काही काढावे लागेल, काही आत खोवावे लागेल. यात श्रद्धेचा अनादर नाही. देवाच्या दारात आपण वहाणा काढतो, तसेच हे आहे. आणि एक विशेष सांगतो : हातमोजे घालू नयेत. बहुतेकांना वाटते की मोज्यांनी हात वाचतो. लेथवर उलटे होते. उघड्या बोटाला खरचटते, मोजा घातलेला हात आत ओढला जातो.

सहावी गोष्ट पटाशीची. पटाशी प्रथम टेकणावर ठेवायची, मग धारेमागचा उतार लाकडाला नुसता टेकवायचा, म्हणजे लाकूड त्यावर घासत राहील पण कापले जाणार नाही. आणि मग मूठ हळूहळू वर उचलायची, धार लाकडाला भिडेपर्यंत. हा क्रम मोडून आधी धार लाकडावर टेकवली की लाकूड तिला हिसका देऊन खाली आदळते. धार तीक्ष्ण असावी. बोथट हत्याराला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हात घसरतो. आपल्याकडे जुन्या कानशीला धार लावून तिची पटाशी करण्याची हौस आहे. काटकसर हा सद्गुण खरा, पण कानशीचे पोलाद कडक आणि ठिसूळ असते, ते लेथच्या हिसक्यात काचेसारखे तुटते. तो सद्गुण अन्यत्र वापरावा.

सातवी गोष्ट घासकामाची. काम संपत आले, मन सैल झाले, की अपघात होतो. काचकागद लावताना टेकण काढून बाजूला ठेवावे. कागद बोटाला गुंडाळू नये. खालच्या अंगाला, लाकूड जिथून दूर जाते तिथे, हलकेच धरावा, म्हणजे ओढला गेला तर हातातून सुटून जाईल. तेल किंवा पॉलिश लावताना फडके वापरू नये. फडके फाटत नाही, बोट घेऊन जाते. मऊ कागदाचा तुकडा घ्यावा, तो फाटतो. आणि जवसाच्या तेलात भिजलेले बोळे चुरगळून डब्यात टाकू नयेत. ते तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेते आणि तापते. बोळ्याच्या आतली उष्णता बाहेर पडली नाही तर कोणी काडी न लावता तो पेट घेतो. बोळे पसरून, उघड्यावर वाळवावेत किंवा पाण्यात बुडवावेत.

आठवी गोष्ट धुळीची. ती दिसत नाही म्हणून तिची भीती वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ ही माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. फर्निचरच्या कारखान्यांत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना नाकाचे कर्करोग अधिक होतात, असे आढळून आले होते. रविवारी दोन तास काम करणाऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, पण चांगला मास्क नाकावर असावा आणि दार-खिडकी उघडी असावी. म्हैसूरचे जडावकाम ज्या शिसवीवर होते, त्या शिसवीची धूळ कित्येकांच्या कातडीला आणि श्वासाला सोसत नाही. अंगावर पुरळ आले तर ते लाकूड आपल्यासाठी नव्हे असे समजावे.

नववी गोष्ट विजेची, आणि ती आपल्या देशात विशेष महत्त्वाची. वीज जाते. यंत्र थांबते. आपण कळ बंद न करता पंखा वारीत बाहेर येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे लाकूड चाचपून पाहू लागतो. आणि वीज येते. यावर उपाय शेतावरच्या पंपाला असतो तसल्या स्टार्टरचा. वीज गेली की तो आपोआप सुटतो, आणि हिरवी कळ पुन्हा दाबल्याशिवाय यंत्र चालू होत नाही. आपले शेतकरी बंधू तो सोयीसाठी आपोआप चालू होण्यावर टाकून ठेवतात, ते आपण करू नये. यंत्राला अर्थिंग असावे आणि घराच्या फळीवर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच असावा. लाल कळ अशा जागी असावी की दोन्ही हात अडकले असताना कोपराने किंवा गुडघ्याने दाबता येईल.

दिव्याविषयीही सांगतो. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा प्रकाश आपल्या विजेवर सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. चार जबड्यांचा चक मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर सेकंदाला नेमके १०० जबडे डोळ्यांसमोरून जातात. दोन्हींची लय जुळली की फिरता चक डोळ्यांना स्थिर दिसू शकतो. ज्याला आपण थांबलेले समजतो ते फिरत असते. स्वस्त एलईडी दिव्यांपैकी काहींतही हा दोष आढळतो. म्हणून यंत्राजवळ न लुकलुकणारा चांगला दिवा लावावा, आणि यंत्र थांबले की नाही ते नुसत्या डोळ्यांनी ठरवू नये. कळ बंद केली, आवाज संपला, प्लग काढला, या तीन साक्षी घ्याव्यात.

शेवटची गोष्ट माणसांची. एकटे घरात असताना लेथ लावू नये. थकलेले, रागावलेले किंवा घाईत असताना लावू नये. कचेरीतला राग घेऊन मी एकदा पडवीत गेलो होतो. कळ दाबण्यापूर्वी भिंतीवरचा खड्डा दिसला आणि परत फिरलो. आमच्या नोकरीत चुकीच्या कागदाला शुद्धिपत्रक निघते. लेथवर शुद्धिपत्रक निघत नाही.

मी इतक्या गोष्टी सांगितल्या, त्यामुळे ज्या तिघांनी यंत्र घ्यायचे ठरवले आहे त्यांचा विचार बदलला असेल, तर माझे भाषण फसले असे मी समजेन. हे यंत्र घ्यावे. माझ्यासारख्या मनुष्याच्या हातून तीस वर्षांत जे निघाले ते सारे कागदच होते. त्यांतले कोणी उशाशी ठेवून झोपत नाही. या लेथवरून उतरलेले पहिले चांगले लाटणे घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो तेव्हा सौभाग्यवतींनी ते हातात फिरवून पाहिले, काही बोलल्या नाहीत, आणि जुने लाटणे उचलून माळ्यावर टाकले. माझ्या सेवापुस्तकात त्याहून मोठी नोंद नाही. आपण आपल्या मुलखापासून दूर राहतो. आपल्या मुलांना पोळपाट-लाटणे, भोवरा, पांगुळगाडा हे शब्द नुसते सांगून राहत नाहीत. ती वस्तू घरात झालेली पाहिली, तिच्या लाकडाचा वास घेतला, म्हणजे शब्द आपोआप मुक्कामाला येतो.

त्या दिवशी दारात उभी असलेली माझी मुलगी आज तुमच्यामध्ये बसली आहे. माझ्याहून ती चांगले कातते. तिचा हात हलका आहे आणि तिने नियम माझ्यासारखे अपघातानंतर नव्हे, अपघातातूनच पाठ केले. तिचा चार वर्षांचा मुलगा सुटीला इथे येतो. पडवीच्या उंबऱ्याच्या आत मी पिवळ्या रंगाची एक रेघ मारली आहे. यंत्राच्या समोरची रेषा सोडून, बाजूच्या कोपऱ्यात, त्या रेघेबाहेर त्याने उभे राहायचे, हे ठरलेले आहे. तो उभा राहतो, हात मागे बांधून. कळ बंद झाली की तिथूनच विचारतो, "आजोबा, थांबलं का?" मी दोन्ही हात मांडीवर ठेवतो, कान देतो, प्लग काढतो आणि मग सांगतो, "थांबलं." तेव्हा तो रेघ ओलांडून आत येतो आणि भुशात खेळू लागतो.

आता चहा तयार आहे असे समजते. त्यानंतर ज्यांना पडवी पाहायची आहे त्यांनी अवश्य यावे. रेघ कोठे आहे ते माझा नातू आपणांस दाखवील.  मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांना माझ्या मनःपूर्वक शुभेच्छा.

जय हिंद. जय महाराष्ट्र. जय कर्नाटक.